शिकवलं खरं, पण मुलं शिकली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अभियांत्रिकी शिक्षणाला वाहिलेल्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवायचा असेल तर त्याची तयारी कशी करावी, असा आजचा विषय आहे. हे ऐकून काही जण म्हणतील, हा तर प्राध्यापकांचा घरगुती मामला, आम्हाला त्याचं काय? पण ज्यांच्या घरातलं मूल इंजिनिअरिंगला आहे, किंवा ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतला आहे, त्या सगळ्यांचा या विषयाशी संबंध आहे. कसा, ते एका उदाहरणाने सांगतो.

इमारतीच्या बाहेर काढलेली गॅलरी किंवा खिडकीवरचा छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. दुसरी बाजू मोकळी असते. वजन आलं की तो पुढे झुकू पाहतो. तेव्हा त्याचं वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून गॅलरीत मुख्य सळया वरच्या अंगाला घालाव्या लागतात. दोन भिंतींवर टेकलेल्या साध्या स्लॅबमध्ये याच्या उलट असतं. तिथे मुख्य सळया खालच्या अंगाला असतात. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला ही आकडेमोड शिकवलेली असते. तो परीक्षेत गणित बिनचूक सोडवतो, आकृती काढतो, पैकीच्या पैकी मार्क मिळवतो. पण त्यालाच विचारा, 'बाबा रे, गॅलरीची सळई वर घालशील की खाली?' तर तो अडखळू शकतो. पुढे हाच मुलगा साइटवर उभा राहणार. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली वरच्या सळया दबून खाली जातात, तेव्हा 'थांबा' म्हणण्याची जबाबदारी त्याची असणार. त्याला विषय समजला आहे की फक्त मार्क मिळाले आहेत, हा प्रश्न त्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आता समजा, ही अडचण एका प्राध्यापकांच्या लक्षात आली. त्यांनी वर्गात गादीच्या फोमच्या लांब पट्ट्या आणल्या, त्यांच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारल्या. पट्टी वाकवण्याआधी मुलांना विचारलं, कुठल्या अंगाच्या रेघा एकमेकींपासून लांब जातील? मुलांनी आधी एकट्याने उत्तर लिहिलं, मग शेजाऱ्याशी वाद घातला, आणि मग पट्टी वाकवून पाहिली. तास छान रंगला. सरांना वाटलं, मुलांना यंदा विषय कळला. पुढच्या वर्षीही त्यांनी तसंच केलं. काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि त्यांचं हे शहाणपण त्यांच्याबरोबर घरी गेलं.

आपल्याकडे पुण्यात १८५४ पासून आणि मुंबईत व्हीजेटीआयमध्ये १८८७ पासून तंत्रशिक्षण चालू आहे. या काळात चांगल्या शिक्षकांनी अशा कितीतरी युक्त्या शोधल्या असतील. त्यातल्या बहुतेक कुठे लिहिल्याच गेल्या नाहीत, आणि लिहिल्या तरी त्या खरोखर लागू पडतात का, हे तपासलं गेलं नाही. ही तपासणी करून लिहून ठेवण्याची जागा म्हणजे अभियांत्रिकी शिक्षणाची नियतकालिकं. अमेरिकेत अशा शिक्षकांची संस्था १८९३ मध्ये शिकागोत स्थापन झाली. तिचं 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन' १९९३ पासून विद्वत्तापूर्ण नियतकालिक म्हणून नव्याने निघू लागलं. युरोपातल्या शिक्षकांचं आणि विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संघटनेचंही अशा विषयाचं नियतकालिक आहे. आणि फार लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडून 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स' हे त्रैमासिक प्रसिद्ध होतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा निबंधांची संख्या वाढली, त्यामागे दोन कारणं आहेत. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि त्यात निबंधांना गुण मिळू लागले. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. मग शिक्षकाने काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येऊ लागलं, याचा पुरावा मान्यतेसाठी मागितला जाऊ लागला. दुसरं कारण फार चांगलं आहे. पहिल्या कारणाने मात्र लिहिण्याची घाई वाढवली. त्या घाईतून आलेल्या निबंधांचा साचा ठरलेला असतो: 'आम्ही वर्गात अमुक उपक्रम राबवला. शेवटी फॉर्म भरून घेतला. नव्वद टक्के विद्यार्थ्यांना उपक्रम आवडला. म्हणून तो यशस्वी झाला.'

आवडणं आणि शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही तासांना मुलांनी गटात बसून स्वतः प्रश्न सोडवले, काही तासांना उत्तम वक्त्याचं व्याख्यान ऐकलं. चाचणीत स्वतः धडपडलेली मुलं पुढे होती. पण 'तुम्ही किती शिकलात?' असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तेव्हा केवळ अभिप्रायाच्या फॉर्मवर उभा केलेला निबंध संपादकांनी परत पाठवला, तर त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, निबंधाची तयारी सत्र संपल्यावर लिहायला बसतो तेव्हा सुरू होत नाही. ती सत्र सुरू होण्याआधी करायची असते. पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न नेमका करणे. 'फोमच्या पट्टीचा अध्यापनातील उपयोग' हा प्रश्न झाला नाही. 'पट्टी वाकवण्याआधी अंदाज लिहायला लावला, तर ताण कुठल्या अंगाला येतो हे ओळखण्याची क्षमता, नुसतं पाहण्यापेक्षा अधिक वाढते का?' हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर 'हो' येऊ शकतं, 'नाही'ही येऊ शकतं. ज्याचं उत्तर 'नाही' येण्याची सोयच नाही, तो प्रश्न संशोधनाचा नाही.

दुसरी गोष्ट मोजमाप. विद्यापीठाच्या पेपरातले मार्क इथे कामाचे नाहीत, कारण तिथे पाठांतरावरही निभावतं. समज तपासणारे वेगळे प्रश्न लागतात. भौतिकशास्त्रात १९९२ मध्ये बल या संकल्पनेवरची अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. उत्तरांचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांवरून बेतलेले आहेत. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६००० हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. शिकण्याआधी जेवढं येत नव्हतं, त्यातलं नेहमीच्या व्याख्यानवर्गांनी सरासरी २३ टक्के कमावलं. विद्यार्थ्यांना बोलतं आणि विचार करतं ठेवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. सगळ्यांनी मोजपट्टी सारखी वापरली म्हणून ही तुलना शक्य झाली. आपल्या विषयात तयार चाचणी असेल तर ती वापरावी. नसेल तर दहा प्रश्न करावेत, दोन-तीन सहकाऱ्यांकडून तपासून घ्यावेत, आणि शिकवण्याआधी एकदा, नंतर एकदा आणि जमल्यास दोन महिन्यांनी पुन्हा द्यावेत. ही तिसरी चाचणी फार बोलकी असते.

तिसरी गोष्ट तुलना. समजा, 'अ' तुकडीला फोमची पट्टी दाखवली, 'ब' तुकडीला फळ्यावर शिकवलं आणि 'अ'ला जास्त मार्क पडले. तेवढ्यावर पट्टीला श्रेय देता येत नाही. 'अ'चा तास सकाळी होता आणि 'ब'चा जेवणानंतर होता का? दोन्ही तुकड्यांना शिक्षक एकच होते का? 'अ'ला या विषयासाठी दोन तास जास्त मिळाले का? 'अ'मधली मुलं मुळातच गणितात पुढे होती का? हे सगळं सारखं ठेवणं आपल्या कॉलेजांच्या वेळापत्रकात जमत नाही, हे मला मान्य आहे. संपादकांनाही ते माहीत असतं. जे सारखं ठेवता आलं नाही ते निबंधात लिहावं, एवढीच अपेक्षा असते.

चौथी गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते, ती म्हणजे विद्यार्थ्यांची संमती. ज्या शिक्षकाच्या हातात टर्म वर्कचे मार्क आहेत, त्याला 'मी भाग घेणार नाही' असं कोण सांगणार? म्हणून मुलांना आधीच सांगायला हवं की या चाचणीचा मार्कांशी संबंध नाही आणि नकार दिला तरी चालेल. नावांच्या जागी क्रमांक घालावेत. मुलाखती घ्यायच्या तर त्या दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने घ्याव्यात. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी काम सुरू होण्याआधी घ्यावी. अनेक नियतकालिकं तिचा उल्लेख मागतात. शिवाय, नवी पद्धत चांगली ठरली तर 'ब' तुकडीलाही तो तास नंतर द्यायला हवा. मुलं शिकायला आलेली असतात. ती आपल्या निबंधाची सामग्री नव्हेत.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. कुठलाही निबंध लिहिताना डोळ्यांपुढे एक वाचक ठेवावा. नांदेडच्या किंवा नैरोबीच्या एका शिक्षकाला तुमचा निबंध वाचून सोमवारी आपल्या वर्गात तोच तास घ्यायचा आहे. त्याला काय काय लागेल? पट्टी किती लांबीची, मुलं किती, गट कितीचे, अंदाज लिहायला किती मिनिटं दिली, वादाला किती, शिक्षकाने उत्तर केव्हा सांगितलं. 'कार्यपद्धती' नावाच्या भागात हे सगळं यायला हवं. 'विद्यार्थ्यांना कृतियुक्त पद्धतीने शिकवले' या एका वाक्यात त्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

याच भागात आपली परिस्थितीही समजावून सांगावी लागते. 'एटीकेटी', 'डायरेक्ट सेकंड इयर', 'प्रॅक्टिकलची बॅच', 'टर्म वर्क' हे शब्द आपल्याला इतके सरावाचे आहेत की त्यांना स्पष्टीकरण लागतं हेच सुचत नाही. परदेशी परीक्षकाला ते कळत नाहीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी आणि बारावीनंतर आलेला विद्यार्थी शेजारी बसतात, त्यांची तयारी वेगळी असते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल इंग्रजी प्रश्न वाचतानाच थकलेलं असतं. या गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत. उलट त्या नीट मांडल्या तर निबंधाचं मोल वाढतं, कारण असे वर्ग जगात इतरत्रही आहेत आणि त्यांच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं आहे.

आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे नावांची जंत्री नव्हे. 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले' अशी पंधरा वाक्यं एकापुढे एक ठेवली तर परीक्षक कंटाळतो. आजवर काय ठरलं आहे आणि काय ठरायचं बाकी आहे, ते सांगावं. उदाहरणार्थ, २०१४ मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकी शिक्षणातल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि विद्यार्थी सक्रिय असलेल्या वर्गांत २१.८ टक्के, असं त्यात दिसलं. यानंतर 'विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणे उपयुक्त आहे' एवढंच सांगणाऱ्या निबंधात नवीन काही उरत नाही. कोणती कृती, कोणत्या विषयाला, कोणत्या मुलांसाठी आणि का, हे विचारायला मात्र भरपूर जागा आहे.

निष्कर्षांच्या भागात सचोटीची परीक्षा होते. समजा, पहिल्या चाचणीला ६२ मुलं होती आणि शेवटच्या चाचणीला ४७. सरासरी वाढली, असं आपण आनंदाने लिहितो. पण गळालेली १५ मुलं कोण? ती जर कच्चीच असतील, तर कोणी काही न शिकताही सरासरी वाढलेली दिसेल. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करावी आणि बाकीच्यांचं काय झालं तेही सांगावं. सरासरीबरोबर मार्क किती पसरलेले आहेत ते द्यावं. फरक योगायोगाने आला नसावा, एवढं सांगून थांबू नये. तो किती मोठा आहे तेही सांगावं. आणि जे फसलं ते लिहावं. दहापैकी सात प्रश्नांत मुलं सुधारली आणि तीन प्रश्नांत तिथेच राहिली, तर त्या तीन प्रश्नांवर एक परिच्छेद खर्च करावा. दुसऱ्या शिक्षकाला त्याचाच जास्त उपयोग होतो.

भाषेबद्दल एक व्यवहारी सूचना. ही नियतकालिकं इंग्रजीत असतात आणि इंग्रजीच्या धास्तीने पुष्कळ शिक्षक अवजड वाक्यांचा आसरा घेतात. आधी मराठीत, चहा पिताना सहकाऱ्याला सांगावं तसं, चार वाक्यं लिहा: अडचण काय होती, आम्ही काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय म्हणता येतं. ही चार वाक्यं जमत नसतील तर अडचण इंग्रजीची नाही. जमली, तर तोच तुमचा सारांश. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी पक्कं करावं, कारण बहुतेक वाचक तेवढंच वाचतात.

हल्ली इंग्रजी सुधारायला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हाताशी आहेत. ती वापरली तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करावं. असं साधन लेखक होऊ शकत नाही, हे प्रकाशन-नीतीच्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे. ही साधनं अस्तित्वात नसलेले संदर्भही आत्मविश्वासाने देतात. म्हणून यादीतला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिलेला हवा. उचलेगिरीबाबत आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण याचा अर्थ दहा टक्के उचलायला परवानगी आहे असा काढू नये.

लेखकांची नावं हाही नाजूक मामला. ज्यांनी काम केलं त्यांचीच नावं घालावीत. विभागप्रमुखांचं किंवा प्राचार्यांचं नाव केवळ मानापोटी घालण्याची रीत बंद व्हायला हवी. त्यांचे आभार मानता येतात, त्यासाठी वेगळी जागा असते. उलट, चाचणीचे प्रश्न तयार करणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याचं नाव गाळू नये. परीक्षकांना लेखकाची ओळख कळू नये असा नियम असेल, तर फक्त नाव काढून भागत नाही. मजकुरातला कॉलेजचा उल्लेख, छायाचित्रातली पाटी आणि संगणकाच्या फायलीत आपोआप नोंदलेलं नाव, हे सगळं काढावं लागतं.

निबंध कुठे पाठवायचा, हे लिहिण्याआधी ठरवावं. त्या नियतकालिकाचे अलीकडचे दहा निबंध वाचावेत, लेखकांसाठीच्या सूचना छापून टेबलावर ठेवाव्यात: शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, तक्त्यांची मांडणी. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावं. आणि दुकानदारीपासून सावध राहावं. 'आठ दिवसांत प्रसिद्धी, स्वीकृतीची हमी' अशी ईमेल आली की समजून जावं. आयोगाच्या जुन्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची तपासणी पुण्यातल्या अभ्यासकांनी केली. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आले. तपासलेल्या १००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षी आयोगाने हजारो नावं यादीतून काढली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे आता निवड आपली आणि संस्थेची. संपादक मंडळात कोण आहे, छापलेले निबंध वाचण्याजोगे आहेत का, परीक्षण खरोखर होतं का, हे आपणच पाहायचं.

निबंध पाठवल्यावर काही महिन्यांनी परीक्षकांचं पत्र येतं. त्यात बहुधा दुरुस्त्या असतात, कधी कडक शब्दही असतात. ते पत्र वाचून दोन दिवस बाजूला ठेवावं. मग प्रत्येक मुद्दा लिहून त्याखाली आपलं उत्तर लिहावं: हा बदल केला, या पानावर केला; हा केला नाही, कारण असं असं. परीक्षकाला एखादी गोष्ट कळली नसेल, तर ती वाचकालाही कळणार नाही असं धरून चालावं. नकार आला तरी त्या सूचनांवर काम करून निबंध दुसरीकडे पाठवता येतो.

शिक्षकमित्रांना शेवटी एवढंच सुचवतो. येत्या सत्रातला एकच घटक निवडा, जिथे मुलं दरवर्षी अडखळतात. शिकवण्याआधी दहा प्रश्न तयार करा आणि परवानगीचा अर्ज द्या. बाकीचं त्यामागून येईल. विद्यार्थ्यांना सांगणं असं की, सर किंवा मॅडम अशी चाचणी देतील तेव्हा शेजाऱ्याचं उत्तर पाहू नका. येत नसेल तर येत नाही असंच दिसू द्या. आणि पालकांनी कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: इथले शिक्षक आपल्या शिकवण्याची तपासणी करतात का, आणि तिच्यातून काय निघालं ते कुठे लिहितात का? या प्रश्नाचं उत्तर देणारी कॉलेजं वाढली, तर गॅलरीतली सळई वर की खाली, हे पाठ नव्हे, समजलेलं असणारे अभियंते आपल्याला अधिक मिळतील.